हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात एक काम ठरलेले असते. आई अजून जिवंत आहे, असे सरकारला कळवायचे असते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत ३६ वर्षे शिक्षिका होती, १९९८ मध्ये निवृत्त झाली, आणि तेव्हापासून दर वर्षी न चुकता बँकेत जाऊन आपण हयात असल्याचे सांगत आली आहे. पूर्वी बँकेत निवृत्तिवेतनधारकांच्या नावांची यादी असायची. आपल्या नावापुढे सही केली की वर्षभराची निश्चिंती व्हायची. आता बोटांचे ठसे घेणारे यंत्र आले आहे, आणि गेल्या नोव्हेंबरात त्या यंत्राने आईला ओळखायला साफ नकार दिला.

अंगठा झाला, तर्जनी झाली, मग दोन्ही हातांची उरलेली बोटे झाली. खिडकीतल्या माणसाने यंत्राची काच पुसली, आईला हात धुऊन यायला सांगितले, मग तळहातावर थोडे खोबरेल चोळून पाहू म्हणाला आणि ते त्याच्या खणात होतेही, म्हणजे अशी वेळ आलेली ती पहिलीच म्हातारी नव्हती. वयाच्या ८४ व्या वर्षी ठसे पुसट होतात, त्यात आईने आयुष्यभर हातात खडू धरलेला आणि राखेने भांडी घासलेली. यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. तो खिडकीतला माणूस आईचा विद्यार्थी होता. आम्ही आत शिरताच तो उठून उभा राहिला होता, "बाई, तुम्ही कशाला आलात, मला निरोप द्यायचा होता," म्हणत त्याने खुर्ची दिली होती, वाकून नमस्कार केला होता आणि तिच्या गुडघ्यांची चौकशीही केली होती. ज्या बाईंच्या पायांना त्याने दहा मिनिटांपूर्वी हात लावला, त्या जिवंत आहेत एवढे मात्र त्याला सांगता येत नव्हते. "माझ्या हातात असतं तर आत्ता लिहून दिलं असतं, बाई," तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते.

घरी परतताना रिक्षात मला माझे विशीतले दिवस आठवले. त्या काळी नोकरीच्या प्रत्येक अर्जासोबत गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जोडाव्या लागत आणि साक्षांकन करायला राजपत्रित अधिकारी लागे. त्यासाठी आम्ही मित्र झेरॉक्सची चळत घेऊन पंचायत समितीच्या जिन्यात तिष्ठत उभे राहायचो. पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर सर्वांत भले, कारण ते नजर वर न करता सह्या करीत. एका हाताने सही आणि दुसऱ्या हाताने शिक्का, अशी त्यांची लय होती. चारित्र्याचा दाखला हा त्याहून मजेदार प्रकार. "मी सदर उमेदवारास गेल्या तीन वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे," हा मजकूर आम्हीच टंकलेखन करून न्यायचो, आणि ज्याने आम्हाला जन्मात पाहिलेले नाही असा गृहस्थ त्याखाली सही ठोकायचा. माझे चारित्र्य चांगले असल्याचे महाराष्ट्रात अधिकृतपणे जर कोणाला ठाऊक असेल, तर ते गुरांच्या डॉक्टरांना.

हा प्रकार आता कागदोपत्री संपला आहे. आपल्या प्रतींवर आपणच सही करावी आणि प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र द्यावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्ये ठरवले; केंद्रानेही त्याच सुमारास तीच वाट धरली. त्या निर्णयाचे कौतुक करताना एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही, की आमच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो हे सरकारला स्वातंत्र्यानंतर ६८ वर्षांनी का सुचावे? साक्षांकनाच्या त्या सगळ्या वर्षांत नक्की किती खोट्या गुणपत्रिका त्या शिक्क्यांनी अडवल्या असतील? माझा अंदाज आहे की एकही नाही. जो बनावट गुणपत्रिका करू शकतो, त्याला राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का करायला कितीसा वेळ लागतो? अडत होतो ते आम्हीच, जिन्यात उभे असलेले.

माझी सरकारबद्दलची तक्रार आहे ती येथे. सरकार जुलमी आहे, असे मी सरसकट म्हणणार नाही. माझ्या वाट्याला फारसा जुलूम आलेला नाही. पण आपल्याकडे शासन आणि नागरिक यांच्यात संशय घेण्याचा हक्क एकाच बाजूला आहे. मी जिवंत आहे, मी येथेच राहतो, मी याच बापाचा मुलगा आहे, माझे उत्पन्न एवढेच आहे, हे सगळे मी सिद्ध करायचे आणि समोरच्याने ते खरे नसावे असे धरून चालायचे. मी मात्र खिडकीपलीकडे साधे "हा नियम कुठे लिहिला आहे?" असे विचारले, तर तो उद्धटपणा ठरतो.

माझे मामा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडचे. त्यांच्या शेतात कापूस व्हायचा, आणि १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे स्वतःच्या रानात पिकवलेला कापूस मामांना पणन महासंघाखेरीज कोणालाही विकता येत नव्हता. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा घरात बोलणे एकच असायचे, ग्रेडरने कोणता ग्रेड लावला आणि चुकारे कधी मिळणार. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत आणि बैलांसह माणसे रात्री तेथेच काढत. मुंबई-आग्रा रस्त्याने पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो, पुढे सेंधवा. तेथे व्यापारी रोख पैसे द्यायचा. मामा एरवी एकादशीलासुद्धा न चुकणारे, पण एका साली अंधाऱ्या रात्री त्यांचा कापूस आडवाटेने सेंधव्याला गेला. मामी दिवा न लावता ओट्यावर बसून राहिल्याचे मला आठवते. चोरी कोणाच्या मालाची? आपल्याच.

मामांच्या बाजूने सांगायचे तर इतकेच सांगून भागणार नाही. ज्या वर्षी बाजार कोसळला, त्या वर्षी याच महासंघाने हमीभाव दिला आणि मामांनी त्याला दुवाही दिला. पुढे शेतकरी संघटनेच्या सभांना ते जाऊ लागले, "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा त्यांच्या बैलगाडीच्या साट्यावर कोळशाने लिहिलेली मी पाहिली आहे. तरी त्यांना राग भावाचा जितका होता, त्याहून अधिक त्या रात्रीचा होता. "कमी पैसे मिळाले तं चालतं भाऊ," ते म्हणायचे, "पन चोर नको करू मले."

प्रामाणिक माणसाला चोर करून ठेवणारे कायदे आपल्याकडे बरेच आहेत, आणि त्यांतल्या एकाची पाटी तर चौकाचौकात लावलेली असते. "परमिट रूम" हे शब्द आपण इतक्यांदा वाचतो की त्यांचा अर्थ आपल्याला दिसेनासा झाला आहे. ते परमिट दुकानदाराचे, असे मला तिशीपर्यंत वाटत होते. प्रत्यक्षात ते पिणाऱ्याचे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्याखाली महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा, एका दिवसाचा पाच रुपयांत आणि आजन्म हवा असेल तर हजारात. परवान्यावरचे कारण तर मोठे गोड आहे. प्रकृतिस्वास्थ्य टिकवण्यासाठी मद्य घेण्याची ही परवानगी असते, आणि जुलाबाच्या औषधासारखे ते आपण नाइलाजाने घेत आहोत असे शासन गृहीत धरते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच या कायद्यातला औषधांवर आणि सुगंधी द्रव्यांवर बंदी घालणारा भाग रद्द केला, बाकीचा बराचसा ठेवला.

माझ्या ओळखीत घेणारे पुष्कळ आहेत, परवाना असलेला एकच. तो निवृत्त न्यायालयीन कारकून आहे आणि परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घालून जवळ बाळगतो. आम्ही त्याची चेष्टा करतो. पण शहाणा तोच आहे. जो कायदा सगळेच मोडतात आणि जो एरवी कोणी लावत नाही, तो रद्द का होत नाही, याचे कारण त्या कायद्याच्या उपयोगात आहे. तो कोणावर लावायचा, कधी लावायचा आणि कोणाला नुसता दाखवायचा, हे ठरवण्याची मोकळीक त्यातून मिळते. ज्याचे कोणाशी बिनसलेले नाही त्याला तो कधीच भेटणार नाही, आणि ज्याचे बिनसले त्याला बरोबर भेटेल. कायदा मेला तरी फरक पडतोच असे नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी अटक झाली, त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे पोलीस ठाण्यांत त्या कलमाखाली गुन्हे नोंदले जात होते, आणि २०२१ मध्ये हे पुढे आले तेव्हा न्यायालयालाच आश्चर्याचा धक्का बसला. आईला हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो, कलमांना लागत नाही.

हे सगळे मी आईसमोर बोलतो तेव्हा ती ऐकून घेते आणि मग मला गप्प करते. तिचे सरकारशी नाते माझ्यासारखे नाही. तिच्या वडिलांनी तिला चौथीनंतर घरी बसवायचे ठरवले होते. तालुक्यात सरकारने मुलींसाठी फी माफ केली नसती आणि गुरुजी घरी येऊन बसले नसते, तर तिचा खडूशी संबंध आला नसता. १९७२ च्या दुष्काळात तिने रोजगार हमीच्या कामावर आलेल्या बायकांची मुले शाळेच्या पडवीत सांभाळली आहेत. त्या कामांच्या मस्टरवर पुढे पुढे मेलेली माणसेही खडी फोडत असत, हे मी तिला सुनावले, त्यावर ती म्हणाली, "असतील. पण जिवंत होती त्यांच्या पोटात त्यामुळंच अन्न गेलं." सत्तरी गाठल्यावर तिने गावात आडव्या बाटलीचा प्रचार केला होता. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्का मारला तर दारूचे दुकान बंद होते. आई दुखऱ्या गुडघ्यांनी घरोघर फिरली होती. तुझ्या त्या स्वातंत्र्याचा मार रात्री कोणाच्या पाठीवर बसतो, ते तू पाहिलेले नाहीस, असे ती मला म्हणते. याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. दुकान बंद झाल्यावर हातभट्टीची सुरू झाली, असे मी पुटपुटतो, पण ते उत्तर नव्हे, हे मलाही कळते.

एका विषयावर मात्र ती बोलत नसे. तो विषय मला तिच्या मैत्रिणीकडून कळला, आणि मग एका दुपारी तिनेच थोडक्यात सांगितला. १९७६ साली, आणीबाणीत, शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या "केसेस" आणायला सांगितले होते. शाळा सुटल्यावर वस्त्यांवर जायचे, माणसे पटवायची, शिबिराला घेऊन जायचे. लेखी आदेश तिने पाहिला नाही. मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले, आणि वेतनवाढीचा विषय त्याच वाक्यात काढला. घरात वडिलांची नोकरी नुकतीच सुटलेली, मी दोन वर्षांचा. आईने दोन केसेस दिल्या. त्यांतला एक जण तिच्या वर्गातल्या मुलीचा बाप होता, आणि तो कशावर अंगठा उठवतो आहे ते त्याला पुरते कळले होते की नाही, याची तिला आजही खात्री नाही. "मला बाई म्हणायचा ना तो," एवढेच ती म्हणाली, "बाई सांगतात म्हणून आला." त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. नाहीतर त्या "पटवण्याची"सुद्धा गरज उरली नसती.

त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या एका खटल्याचे वर्णन मी फार उशिरा वाचले. बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे उभे करायला लावण्याचा अधिकार आणीबाणीत शिल्लक राहतो की नाही, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ खासगी वैरापोटी कोणाला ठार मारले, तर त्यावर काही दाद आहे का? डे यांनी आपल्या युक्तिवादानुसार नाही, असे सांगितले. २८ एप्रिलला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकटे खन्ना विरोधात राहिले आणि पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश करण्यात आले. बहुमतातल्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या अधिकाराच्या खटल्यात स्पष्ट म्हटले, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतरावांचेच चिरंजीव होते. मधे ४१ वर्षे गेली होती. मुलाने बापाचा निकाल पुसला याचे आपल्याकडे फार अप्रूप झाले. माझ्या मनात मात्र राहिले ते डे यांचे उत्तर, कारण त्यात क्रौर्य नव्हते. एक हुशार वकील कायद्याचा धागा प्रामाणिकपणे शेवटपर्यंत ओढत गेला, आणि धाग्याच्या टोकाला माणसाचा जीव होता, एवढेच. आईला केसेस सांगणारे मुख्याध्यापकही क्रूर नव्हते. ते घरी येऊन माझ्या हातावर खडीसाखर ठेवायचे.

म्हणून मला तोंडी आदेशांची भीती वाटते. लेखी वाईट नियमाशी भांडता येते, तो न्यायालयात नेता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो. "वरून सांगितलंय" या दोन शब्दांशी कसे भांडायचे? यावर मला सापडलेला उपाय फार किरकोळ आहे, पण तो मी वीस वर्षे वापरतो आहे. मी म्हणतो, "लेखी द्या." राज्यात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला, त्यातले मला सर्वांत आवडणारे कलम ६(२) आहे : माहिती का हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही. दहा रुपयांच्या त्या अर्जात नागरिकाने कारण सांगायचे नसते आणि उत्तर तीस दिवसांत द्यायचे असते सरकारने. आयुष्यभर खिडकीच्या या बाजूला उभे राहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बँकेत गेलो. या वेळी मी व्यवस्थापकांच्या दालनात गेलो आणि आवाज न चढवता विचारले, की ठसा उमटला नाही तर सही स्वीकारायची नाही, असे कोणत्या परिपत्रकात आहे? ते म्हणाले, आता सगळे ऑनलाइन झाले आहे. मी म्हणालो, तसे मला एका ओळीत लिहून द्या, तारखेसह. ते म्हणाले, तशी गरज नाही. मी म्हणालो, मला आहे. नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज करतो, मग तुम्हाला लिहावेच लागेल. त्यांनी घंटी वाजवली. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणला, कोणीतरी कोणाला फोन केला, आणि पाऊण तासाने आईच्या विद्यार्थ्याने खालच्या खणातून छापील नमुन्यांचा एक गठ्ठा काढला. तो खण खोबरेलाच्या बाटलीच्याच खाली होता. त्याला हे नमुने तेथे आहेत हे आदल्या दिवशी ठाऊक होते का, हे मी विचारले नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आईनेही विचारले नाही.

त्याने नमुना तिच्यापुढे ठेवला, कुठे सही करायची तेथे पेन्सिलीने फुली केली. आईने चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे कागद वरपासून खालपर्यंत वाचायला घेतला. पहिल्याच ओळीत ती थांबली. वर ठळक अक्षरांत "हयातिचा दाखला" असे छापले होते. तिने पेन उचलले आणि ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली.

"बाई, छापील फॉर्म आहे," तो घाबरून म्हणाला, "खाडाखोड चालत नाही."

"चालते," आई म्हणाली. "खाडाखोड केली की शेजारी सही करायची असते. नियम आहे." आणि तिने वेलांटीशेजारी छोटी सही केली, मग खाली मोठी केली, आणि कागद त्याच्याकडे सरकवून विचारले, "तू शुद्धलेखनात कच्चाच होतास, नाही रे?"